लाल बटण

कांद्याच्या गोणीखाली कंबर मोडली आणि माथाडी मानसिंग घरी बसला. बसून करतोय काय? पोरींसाठी त्यानं पुठ्ठ्यावर खेळ आखला. सोंगट्या म्हणजे जुनी बटणं. फाशावर एक पडला की पाऊस जवळ यायचा. पाऊस गाठायच्या आत सगळी बटणं गाळ्यात पोचली पाहिजेत. एक जरी मागं राहिलं, तरी सगळे हरले. नियम हमालांच्या टोळीचाच.

त्या दिवशी लाल बटण खड्ड्यात अडकलं, पाऊस टेकला. धाकटी सुनयना वैतागली. "आबा, हे काढून दुसरं घेऊ ना."

"टोळी गड्याला टाकत न्हाय!" मानसिंग खेकसला.

"तुमच्या जागी तर दुसऱ्याच दिवशी नवा माणूस घेतला."

मानसिंगनं लाल बटण उचलून मुठीत दाबलं. डब्यातलं दुसरं पुठ्ठ्यावर ठेवलं.

"खेळा," तो म्हणाला.