अन्नपूर्णेची न कापलेली पानं

वॉटफर्डच्या त्या घरात महिनाभर माझं लक्ष कशातच लागेना, कारण खिडकीतली अन्नपूर्णा मरत होती. केवड्याच्या कुळातलं हे झाड. त्याचं एक पान टाकलं की साधा भातही आंबेमोहोरासारखा दरवळतो. आईनं अलिबागच्या परसातलं एक पिल्लू ओल्या कागदात गुंडाळून, साड्यांच्या घडीत लपवून माझ्या बॅगेत दिलं होतं.

दर रविवारी तिचा फोन यायचा.

"भातात घालतेस ना पान?"

"हो, घालते की."

साफ खोटं. इनमीन सात पानं, त्यातलं एक कापायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. मी नुसती बघत बसायचे, आणि तुळशीला घालावं तसं रोज अंघोळीनंतर तांब्याभर पाणी घालायचे. नवराही त्याच्या अंघोळीनंतर घालायचा, मला न सांगता. हिवाळ्यात, थंडगार काचेशी, दोन दोन तांबे! अति तिथं माती, आमच्याकडे तर चिखल. मुळं कुजली, पानं पिवळी पडून गळायला लागली आणि नेमका तेव्हाच आईचा व्हिसा आला. मी ऑफिसमधून लवकर निघायचे, कुंडी या खिडकीतून त्या खिडकीत हलवायचे, माती उकरून बघायचे आणि नवऱ्यावर चिडायचे. आईला सांगायचं काय?

आई आली ती कोट न काढताच कुंडीपाशी गेली. तीन पानं उरली होती. तिनं बुंध्यावरून बोट फिरवलं.

"कात्री कधी लागलेलीच नाही गं याला."

नवरा मदतीला धावला. "आई, इथल्या विंटरमध्ये सर्व्हाइव्ह होणं कठीण असतं हो."

तिनं कात्री मागितली. एक पान कापून, गाठ मारून कुकरमधल्या तांदळात टाकलं. कुजका बुडखा छाटून शेंडा पेल्यात पाण्यात ठेवला. शिट्टी झाली तसा घरभर वास सुटला. मला कडकडून भूक लागली आणि स्वतःची लाजही वाटली.

भात वाढून झाला तरी आई जेवेना.

"तू घालते म्हणायचीस, म्हणून रविवारी मीही पान घालून भात लावायचे," ती म्हणाली. "वाटायचं, आज लेकीच्या पंगतीला बसलेय. म्हणजे मी एकटीच जेवत होते की गं."