मनीषनगरातली बोंब

आमच्या थोरल्या साडूंइतके तिखट कान साऱ्या नागपुरात कोणाचे नसतील. माणसांचं बोलणं तेवढं त्यांना ऐकू येत नाही. बिनतारी यंत्रांच्या खात्यातून निवृत्त झाले, तरी हवेतल्या लहरींची राखण त्यांनी सोडली नाही. शेजारच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांनी भटजींचा बिनतारी माइक काढून घेतला होता. "या फ्रिक्वेन्सीचा परवाना दाखवा जी!" नवरानवरी हार धरून ताटकळले. अशा माणसाला कळलं, की बुटाच्या खोक्याएवढे उपग्रह आता वरून फिरताना, कुठून कोण कोणत्या लहरीवर बोलतं ते टिपून घेतात. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. "वर आपला माणूस बसला गा!"

एक दिवस त्यांच्या खात्यातल्या जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. त्या आता अशाच उपग्रहांच्या नोंदी तपासतात. मनीषनगरातून कसलीतरी जबर बोंब उठत होती आणि तिच्यात रुग्णवाहिकांचं बिनतारी बोलणं बुडत होतं. साडू पेटलेच. मला स्कूटरवर मागे बसवून माझ्या हाती माशाच्या काट्यासारखा अँटेना दिला. भर दुपारी आमची वरात निघाली. एका बाईंनी विचारलं, "काहून जी, केबलवाले का?"

"नाही वं बाई, चोर पकडून राहिलो!"

बाईंनी धाडकन दार लावलं.

अँटेनाला जोडलेल्या यंत्रातली खरखर वाढत वाढत आम्हाला साडूंच्याच फाटकापाशी घेऊन आली. "तुले अँटेना धरता येत नाही," म्हणत त्यांनी तो हिसकावला आणि थेट माळ्यावर पोचले. तिथं टीव्हीचा बूस्टर, म्हणजे लहरी वाढवणारा डबा होता; बोंब त्याचीच. ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मालिका स्वच्छ दिसाव्यात म्हणून त्यांनीच जोडलेला. ताई जाऊन दोन वर्षं झाली होती. टीव्ही तेव्हापासून बंद. बूस्टर मात्र चालूच.

साडूंनी तिथंच बसून स्वतःविरुद्ध तक्रार लिहिली. 'इसम वयस्कर असला तरी सवलत देऊ नये.' सही केली. मग बटनापाशी नुसतेच उभे राहिले.

"बंद करता ना?" मी हळूच विचारलं.

"करून राहिलो गा." हात मात्र हलेना. मग म्हणाले, "तिकडं कोणाचा तरी पेशंट अडकला असन," आणि बटन दाबलं.

संध्याकाळी सहकारी बाईंनी कळवलं, हवा स्वच्छ आहे. साडूंनी फोन ठेवला. "लयच शांत झालं गा घर."

मी बायकोला फोन करून सांगितलं, आज मी इथंच जेवतो.