शटर उघडं आहे, हलू नका!

फटाक्यांचे चांगले फोटो माझ्याकडे मोजकेच आहेत. भांडणं मात्र हार्ड डिस्क भरेल इतकी! आम्ही तिघं भेटलो की चहा यायच्या आधीच कोणीतरी म्हणतं, "त्या दिवशीचा तो आठवते का?" आणि माझं डोकं पुन्हा नव्याने तापतं.

तिघं म्हणजे चंद्रपुरात लग्नाचे फोटो काढणारी मी, गोंडपिपरीला स्टुडिओ असलेले विलासभाऊ आणि घुग्घुसच्या खाणीत शिफ्ट करून फोटोचा नाद जपणारा अशोक. शहराबाहेर एक पार्क आहे. पाळणे, घसरगुंड्या, नावेत बसायला तळं. दसऱ्यापासून दर रविवारी दिवस मावळला की तिथे आतषबाजी होते. नाव सांगत नाही, उगाच नोटीस यायची.

आमचं काम साधं. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवायचा, शटर उघडायचं आणि सात-आठ सेकंद उघडंच ठेवायचं. तेवढ्यात फटाका वर जातो, फुटतो, खाली येतो आणि त्याची सगळी वाट फोटोत रेघ होऊन उमटते. अटी दोनच, कॅमेऱ्याला धक्का लागता कामा नये आणि समोर कोणी यायचं नाही. पण आपल्या लोकांना आठ सेकंद स्वस्थ उभे राहा म्हणणं म्हणजे त्यांच्या सात पिढ्यांचा अपमान!

*

पहिल्या रविवारचा शो आम्ही पार्किंगमधून पाहिला. गेटवरच्या गार्डने ट्रायपॉडच अडवला.

"स्टँड आत नाई चालत. मोबाईलनं काढा."

विलासभाऊ आमच्यात वयाने मोठे, स्वभावाने गरीब. त्यांनी शांतपणे समजावलं, "अरे बाबू, या फोटोले वेळ लागते. स्टँड नसन त हात हालते."

गार्डने त्यांना नखशिखांत पाहिलं. "हात हालते त दवाखान्यात जा ना काका! पार्कात काऊन आले?"

*

पुढच्या रविवारी मॅनेजरची लेखी परवानगी घेऊन आत गेलो. मनासारखी जागा मिळाली, वारा पडलेला, धूर नाही. मी शटर उघडलं आणि एक गृहस्थ बरोबर माझ्या लेन्ससमोर येऊन उभे राहिले. मोबाईल वर धरला आणि मारला फ्लॅश! एकदा नाही, प्रत्येक फटाक्याला.

चार फोटो वाया गेल्यावर मी म्हटलं, "दादा, तो फ्लॅश बंद करा. तुमचा उजेड तिथवर पोचत नाही!"

ते वळले. चेहऱ्यावर माझ्याबद्दल खरीखुरी दया.

"अंधार किती हाय मॅडम! फटाक्याले थोडा उजेड द्या लागते."

*

एकदा एक नेते आले. शो अर्धा तास थांबवला. पोरंबाळं रडायला लागली, पण साहेबांचं भाषण काही थांबेना. ते संपल्यावर त्यांचा माणूस माझ्याकडे आला. "मॅडम, साहेबाचा फोटो काढा. मागं फटाके पाह्यजे."

मी सांगितलं, "काढते. पण शटर उघडं असेपर्यंत साहेबांनी मान हलवायची नाही."

"नाई हालवत. सांगतो मी."

साहेब उभे राहिले. मी शटर उघडलं. डावीकडून कोणीतरी हाक मारली, साहेबांनी तिकडे वळून हात जोडले. मग उजवीकडे वळले, तिकडेही जोडले. मग समोर. मागे फटाके झकास, पुढे साहेबांना तीन तोंडं!

माणसाने स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मलाच दरडावून विचारतो, "यातला साहेबाचा खरा चेहरा कोनता होय?"

अशोक मागून म्हणाला, "ते आमाले काऊन पुसता? तुमी राह्यता ना त्याइच्या सोबत!"

*

याहून जास्त संताप आणला तो होर्डिंगने. बसस्टँडजवळ भलंमोठं लागलं होतं आणि त्यावर मी फेसबुकवर टाकलेला फोटो! तळ्यात उलटं पडलेलं फटाक्याचं सोनेरी झाड, माझं चार रविवारांचं काम. खाली पार्कचं नाव, माझं कुठेच नाही.

तशीच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. तो हसतच होता. "मॅडम, फटाके आमचे, तळं आमचं, पार्क आमचा. तुम्ही फक्त बटन दाबलं."

मी बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज बाहेर तिकीट खिडकीपर्यंत गेला म्हणतात. शेवटी त्याने ड्रॉवर उघडून एक पास पुढे सरकवला. "रागावू नका. वर्षभर फ्री या, फोटो काढा."

घरी येऊन पास नीट वाचला. 'रविवारी चालणार नाही.'

*

आता आतषबाजी भिंतीपासून दूर, तळ्याच्या पलीकडे होते. आमचा अँगल गेला. जाऊ दे! ती जागा का बदलली ते सांगते.

पार्कच्या मागच्या भिंतीला लागून कांताबाईंचं शेत आहे. विधवा बाई, एकटी शेती करते. आत गर्दी असली की आम्ही बाहेरून फोटो काढायचो, तेव्हा त्यांच्याच बांधावर उभे राहायचो, आणि त्या पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या. त्या रविवारी सोयाबीन कापून गंजी घातलेली होती. आम्ही आत होतो. शो संपून गाड्या काढतो तोवर भिंतीपलीकडे लाल उजेड दिसला. पळत गेलो. कांताबाई आणि शेजारचे दोघं बादल्या ओतत होते. आम्हीही ओतल्या. काही उपयोग झाला नाही. वर्षाचं पीक आमच्या डोळ्यांदेखत गेलं.

अशोकच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम होती. आडव्या रेघेने बिघडली म्हणून तो ती पुसणारच होता. फटाका सरळ वर जायच्या ऐवजी कलंडला होता. पार्कातून निघालेली रेघ भिंतीवरून जाऊन थेट गंजीच्या दिशेने उतरली होती.

सकाळी तो फोटो घेऊन आम्ही केबिनमध्ये गेलो. मॅनेजरने पाहिल्यासारखं केलं. "हे कॉम्प्युटरवर कोणीही बनवतं."

विलासभाऊंचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "बाईचं सारं जळलं! आन तू कॉम्प्युटर सांगून राह्यला?"

"ओरडू नका. आमचा फटाका भिंतीबाहेर जातच नाही. कोणी बिडी टाकली असेल."

तेवढ्यात दार ढकलून कांताबाई आल्या. डोळे सुजलेले, लुगडं काजळीने माखलेलं. फडक्यांनी धरलेलं घमेलं हातात, आणि त्यात गंजीच्या पोटातले निखारे, अजून धुमसणारे. गार्ड मागे मागे येत होता, पण हात लावायची त्याची हिंमत नव्हती.

त्यांनी ते घमेलं मॅनेजरच्या काचेच्या टेबलावर ठेवलं. काच तडकल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"अहो बाई! हे काय?"

"तुमचा फटाका बाहेर जात नाई म्हनता ना सायब?" कांताबाई म्हणाल्या. "चुकून आला होता आमच्याइथी. वापस आनून देला."