सडक्या कांद्यांचा क्रेट

अजून आठवलं की डोकं सणकतं माझं.

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला ‘प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग’ हा विषय होता. म्हणजे घोकू नका, स्वतः काहीतरी करून शिका. कागदावर लई भारी! प्रत्यक्षात निम्म्या वर्गाने कॉलेजजवळच्या सावेडीतल्या दुकानातून तयार रोबो आणले आणि वर आपली नावं चिकटवली. हा विषय शिकवणाऱ्या सरांना सगळं माहीत होतं. दुकानाचा पत्ता तेच द्यायचे.

आम्ही तिघी मैत्रिणी मात्र हट्टाला पेटलो. माझं घर राहात्याजवळ, आमची कांदा साठवायची चाळ आहे. चाळीत ढिगाच्या पोटात एक कांदा सडला की शेजारचेही सडत जातात, आणि वास बाहेर येईस्तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही भोकं पाडलेल्या पाइपात सडका वास ओळखणारा सेन्सर बसवला. पाइप ढिगात खुपसायचा. आत सड लागली की लाल दिवा. मेला सेन्सर कितीदा जळला, दिवा कितीदा उगाचच पेटला! शेवटी एकदा आमच्या चाळीत दिवा लागला. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तिथं उकरलं, तर आत नुसता लगदा.

“आगं, ह्ये तर खरं बोलतंय की!” अण्णा म्हणाले. मी चाळीतच नाचले.

विद्यापीठाच्या स्पर्धेला कॉलेजातून एकच प्रोजेक्ट जाणार होतं, आणि मला ते आमचंच हवं होतं. निवडायला बाहेरून परीक्षक येणार होते. मी घरून एसटीने सडक्या कांद्यांचा क्रेट आणला, वाटेत कंडक्टरची बोलणी खाल्ली. टेबलावर मांडला, पाइप खुपसला, दिवा लागला. मग आम्ही हात धुवायला गेलो.

परत येतो तर क्रेटमध्ये पुसून चकचकीत केलेले ताजे कांदे, भोवती रांगोळी!

“पाहुण्यांपुढे घाण ठेवतात का?” सर म्हणाले. आमचे कांदे त्यांनी घंटागाडीत टाकायला लावले होते. मी धावणार, तोवर परीक्षक टेबलाशी.

“दिवा का लागत नाही?”

“हे कांदे चांगले आहेत, सर. सडके आत्ताच टाकून दिले.”

परीक्षकांनी आमच्या सरांकडे बघितलं. सर रांगोळीची रेघ नीट करायला वाकले.

“म्हणजे चालत नाही,” परीक्षक हसून पुढे गेले. स्पर्धेला दुकानातला रोबो गेला.

नंतर सर मलाच शिकवायला आले. “अगं, टेबलाखाली एक बटण लपवायचं. पाहुणे आले की दाबायचं. एवढी अक्कल नको?”

“मग चांगला कांदाही सडका दाखवला असता की त्यानं!”

“तिथं कांदा कोण बघतंय?”

हे आमचे गुरुजी! तळपायाची आग मस्तकात गेली.

यंदा धाकटी बहीण त्याच वर्गात आहे, सरही तेच. तिच्या गटाने आमचंच यंत्र पुढे न्यायला घेतलंय, बटणाशिवाय. परीक्षक येतील त्या दिवशी सडका क्रेट मी घेऊन जाणार आहे. आणि ते येईस्तोवर त्या क्रेटवर बसून राहणार आहे. उचला म्हणावं.