पारा का चढत नाही?

आमची ताई शाळेत विज्ञान शिकवते आणि मी त्याच शाळेत भाषा. शिकवायची तिची एकच तऱ्हा: आपल्याला काही म्हणजे काही ठाऊक नाही, असं सोंग घ्यायचं. पितळी गोळा कडीतून आरपार घालवायची, मग तो दिव्यावर तापवायची आणि कडीत अडला की कपाळाला हात लावायची. "आत्ता तर गेला होता. मधल्या मधे जेवून आला की काय?" मुलं ओरडून ओरडून तिला समजावायची. सोंग इतकं बेमालूम, की नव्या मुलांना बाई खरंच अडाणी वाटायच्या.

यंदा ती घरी दूध गॅसवर ठेवून विसरू लागली. मग शेजारणीचं नाव विसरली. हे वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. ताईने माझा हात घट्ट धरला. "निवृत्तीचं वर्ष आहे गं माझं. तेवढं वर्गात काढू दे. शाळेत कुणाला बोलू नकोस."

मी रागावले, भांडले आणि शेवटी हो म्हणाले. तिच्यापुढे माझं कधी काही चाललंय? तेव्हापासून तिच्या तासाला मी वह्या तपासायचं निमित्त करून मागच्या बाकावर बसते. ती अडखळली की खोकते आणि तिने वर पाहिलं की नुसत्या ओठांनी शब्द पुरवते.

परवा बर्फाचा प्रयोग होता. काचेच्या भांड्यात बर्फ, त्यात थर्मामीटर, खाली दिवा. बर्फ वितळत होता आणि पारा शून्यावर ढिम्म.

"खाली जाळ आहे, मग पारा का चढत नाही?" ताईने विचारलं. दरवर्षीचाच प्रश्न. मुलं खुशीत आली.

"तुम्हीच सांगा, बाई."

ताई भांड्याकडे बघत राहिली. मी खोकले. सगळी उष्णता बर्फ वितळवण्यातच जाते, असं ओठांनी सांगितलं. पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

"मला खरंच माहीत नाही रे," ती म्हणाली.

वर्ग हसून हसून लोटपोट झाला. पुढच्या बाकावरच्या मुलीने टाळ्या सुरू केल्या.

ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "नाही रे, खरंच." हसणं आणखी वाढलं.

उठून तिला बाहेर न्यावं, तर सगळं उघडं पडणार. न न्यावं, तर ती तिथे एकटी. मुलं वळून माझ्याकडे बघू लागली, तेव्हा मीही हसले.