नववी ब च्या फळ्यावरचं नाव

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. शाळेत शिपाईबाई म्हणून बावीस वर्षं काढली मी... भुतापेक्षा नववीची पोरं भारी, एवढंच शिकले.

तर वाकोल्यातली आमची शाळा, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. माझी शैला तिथेच नववी ब मध्ये. शिक्षक वर्गात नसले की मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. परत बोललं की नावापुढे फुली. पाच फुल्या झाल्या की थेट मोठ्या बाईंसमोर, म्हणजे मुख्याध्यापिकांसमोर.

एका सकाळी मी वर्ग उघडला — फळ्यावर शैलाचं नाव, पुढे पाच फुल्या. आदल्या संध्याकाळी मीच फळा पुसून कुलूप घातलेलं! गुपचूप पुसलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई माझ्या मागेच उभ्या होत्या.

किल्ल्या रात्री माझ्या घरी असायच्या. बाईंना वाटलं, शैलाच किल्ली लांबवते आणि वर्गाला हसवायला हे करते. म्हणाल्या, आणखी एकदा दिसलं तर दाखला हातात देईन. नववीत दाखला म्हणजे पोरीची वाटच लागली की!

घरी येऊन मी तिला धरलं.

"आई, मी नाही गं लिहिलं."

"मग किल्ली काय स्वतः चालत गेली?"

आणि मारलं मी तिला. खोटं कशाला सांगू.

त्याच रात्री तिला ताप भरला, गालगुंड झालं. शनिवारी बाईंनी स्वतः फळा पुसला, कुलूप घातलं, किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. शैला दोन्ही दिवस माझ्यासमोर अंथरुणात होती.

सोमवारी बाईंनीच दार उघडलं... शैलाचं नाव. पाच फुल्या.

बाईंनी हळूच विचारलं, "ती कुठंय?"

"घरी. तोंडसुद्धा उघडत नाही, बाई."

त्यांनी डस्टर घेतलं नाही, पदरानेच पुसलं. म्हणाल्या, कुणाला सांगू नका. दाखल्याचा विषय तिथेच संपला, आणि नावही परत आलं नाही.

दुसरी किल्ली क्लार्ककडे, पण तो महिनाभर गावी. मी मॉनिटरवर संशय घेतला, क्लार्कवर घेतला, अगदी मोठ्या बाईंवरही घेतला. काही म्हणता काही जुळत नाही, आजतागायत.

शैला आता पन्नाशी ओलांडून गेली. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आलेली, दोघी भाजी निवडत होतो. माझ्या तोंडून निघून गेलंच — खरं सांग, तू नव्हतीस ना गं?

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आई... अजून?"