चाड्याची भोकं

परवा कपाट आवरताना वडिलांनी केलेली सागवानी डबी सापडली. उघडली तर आत माझ्या पहिल्या कॉम्प्युटरचा काढलेला प्रोसेसर, अजून लाकडाचा वास धरून. आमच्या कामथडी गावात मी तेव्हा लग्नपत्रिका टाईप करायचे आणि कॉम्प्युटर इतका रेंगाळायचा, की पत्रिकेआधी लग्न लागेल अशी धास्ती. शेवटी कॅबिनेट पोत्यात बांधून मी आणि वडील एसटीनं पुण्याला गेलो. वडील सुतार; गावाच्या पेरणीच्या, जमिनीत रेघा ओढणाऱ्या फणांच्या पाभरी आणि त्यांवरची, दर फणाला एक अशी बी सोडायची भोकं असलेली चाडी तेच घडवायचे. "आबा, दुकानात तुम्ही काही बोलू नका," मी वाटेतच बजावलं होतं. दुकानदार जुना प्रोसेसर काढत म्हणाला, "नुसता प्रोसेसर बदला, मदरबोर्ड हाच चालेल." मी हो म्हणणार, तेवढ्यात वडील वाकले. नव्या प्रोसेसरच्या बारीक पिना न्याहाळल्या, मग बोर्डावरची भोकं. "न्हाई बसायचा," ते म्हणाले. "चार फणांच्या पाभरीला तीन भोकांचं चाडं चालतंय व्हय? फणं वाढली की चाडं बी नवं लागतं." दुकानदारानं प्रोसेसर टेकवून पाहिला. बसेना. "बोर्डही बदलावा लागेल," तो ओशाळून म्हणाला. "काका इंजिनिअर आहेत का?" "सुतार आहेत," मी साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझे वडील आहेत." बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "बोलू नका म्हणली व्हतीस, पर ऱ्हावलं न्हाई." आता मीच कॉम्प्युटर दुरुस्त करते; गिऱ्हाइकाचा कॅबिनेट उघडला, की मी त्यांच्यासारखीच वाकते आणि आधी भोकं बघते.